लाल गोळी शिदोरीत बांधून देणाऱ्या आशाताईंना

प्रिय आशाताई,

कापूस वेचणीच्या दिवसांत "दमता का?" असं विचारून काही हाती लागत नाही, सगळ्याच दमलेल्या असतात. तुम्ही वेगळं विचारलंत. घरातले पंखा लावून झोपतात तेव्हा तुम्हाला गोधडी लागते का? आवाज जड झाला का? पोट किती दिवसांनी साफ होतं? पाळीत कापड किती वेळा बदलावं लागतं? थायरॉइड मंदावल्याची खूण ओळखणाऱ्या या चार प्रश्नांसाठी आधी तुमचे आभार.

आपल्याकडे थकवा म्हटला की रक्त कमी, नाहीतर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), इथेच विचार थांबतो. दोन्ही तपासायलाच हवेत. पण गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, हिमोग्लोबिनही उतरतं. म्हणून "तीन महिने गोळ्या खाल्ल्या, रक्त वाढूनच नाही राह्यलं" हे कानावर आलं की तुम्ही डॉक्टरांना टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीबद्दल विचारायला लावता. या तपासणीला उपाशी जावं लागत नाही, हेही तुम्हीच घरोघरी सांगितलंत. पहिल्या एसटीने तालुक्याला निघालेल्या बाईला आता दुपारपर्यंत पोट बांधून बसावं लागत नाही.

रिपोर्ट आला की गावात म्हणतात, "थायरॉइड वाढलं." वाढलेला असतो टीएसएच, ग्रंथी उलट मंदावलेली असते. ती ऐकेनाशी झाली की मेंदूतली पियुषिका ग्रंथी तिला जोरजोरात हाका मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. साधारण ०.४ ते ४ हा ठीक आकडा. १० च्या वर गेला आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं रक्तातलं हार्मोन) कमी असला, तर गोळी लागतेच. बाई गरोदर नसेल आणि मधल्या आकड्याला टी-४ ठीक असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात.

खरं मोठं काम तुम्ही गोळीच्या वेळेचं केलंत. गरोदर बाईला थायरॉइडची गोळी, लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम एकदम मिळतं, आणि ती तिन्ही सकाळी एका घोटात घेऊन मोकळी होते. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडची गोळी आतड्यातच धरून ठेवतात. ती रक्तात पुरती उतरतच नाही. मग टीएसएच खाली येत नाही आणि डोस विनाकारण वाढतो. तुम्ही रात्रीच उशाशी तांब्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली ठेवायला लावलीत: डोळे उघडले की गोळी, नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या ते एक तासाने. लाल गोळी शिदोरीच्या फडक्यात बांधली, म्हणजे ती वावरात दुपारीच निघते, सकाळच्या गोळीनंतर चार तास उलटून गेलेले असतात. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. फडक्याच्या त्या गाठीने किती जणींचा डोस वाचवला असेल!

दिवस गेल्यावर "गोळी गरम पडते" म्हणून ती बंद करणाऱ्या बायांशी तुम्ही न कंटाळता बोललात. तेव्हा तर गरज वाढते. बाळाचं स्वतःचं थायरॉइड काम करू लागेपर्यंत त्याला आईच्याच हार्मोनचा आधार असतो. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं. डोस बहुधा पाव हिश्शाने किंवा त्याहून थोडा जास्त वाढवतात.

दोन गोष्टी पुढच्या बैठकीत घ्याल का? गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच करू नये (गरोदरपणात मात्र साधारण चार आठवड्यांनी करतात). हे औषध शरीरात हळूहळू साचतं. पंधरा दिवसांचा आकडा फसवतो आणि तपासणीचे पैसे वाया जातात. दुसरं, मे महिन्यात टिनाखालच्या फळीवर बाटली भाजून निघते, म्हणून काही जणी ती माठाला टेकवून ठेवतात. तिथली ओलही वाईटच. दिवसा ती आतल्या खोलीत, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात राहू द्या.

तुमच्या,
उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका आणि गटप्रवर्तक