आत्या, चिन्मयला तो डबा घेऊन देऊ नकोस

श्टुटगार्ट,
रविवार दुपार

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. चिन्मय म्हणतोय क्लास नको, डोळ्यांना लावायचा तो व्हीआरचा डबा घेऊन दे, त्यात एआय असतो आणि जर्मन आपोआप येते. आणि तुझं, "तू वापरलायस ना, खरं काय ते सांग." बोलून उत्तर द्यायला गेले तर सात मिनिटं झाली. तू दोन मिनिटांच्या पुढचं ऐकत नाहीस, म्हणून लिहायला बसले. काकांनाही वाचून दाखव.

तो डबा मी बडोद्यातच वापरला. अलकापुरीत ज्या क्लासला जायचे, तिथे दोन होते, शनिवार-रविवार आळीपाळीने घरी न्यायला द्यायचे. अर्धा किलोचं प्रकरण. केसांची क्लिप काढायची, चष्मा आत कोंबायचा, पट्टा आवळायचा. मग दांडिया बाजारातली आपली बैठकीची खोली गायब आणि आपण जर्मन बेकरीत उभे. आजी हिंचक्यावर बसून हा तमाशा बघायची. पहिल्याच दिवशी पाव घ्यायला हात पुढे केला तो कपाटाच्या काचेवर. दार उघडं होतं. शेजारच्या बा डोकावल्या आणि आईला हळूच विचारतात, "छोकरीने शुं थयुं?"

त्या बेकरीतली बाई फार सोशिक. ठराविक वेळाने पापण्या मिटते, हसते, कितीही अडखळा, कंटाळत नाही. आपण बोललो की क्षणभर गप्प राहते. तेव्हा आत तीन कामं एकापाठोपाठ चाललेली असतात: एक यंत्र आपल्या आवाजाचे शब्द करतं, दुसरं त्यावर उत्तर जुळवतं, तिसरं ते बोलून दाखवतं. वीस मिनिटांवर मात्र मला जमायचं नाही. डोळे सांगतात चाललोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो उभी आहेस. त्या भांडणात पोट ढवळायचं, पावागढच्या घाटात बसमध्ये व्हायचं तसंच.

तरी मी तो पट्टा दर शनिवारी का बांधत होते, ते तुला सांगते. तुलाच कळेल. ताईच्या लग्नात मी अकरा वर्षांची होते. तुमच्या मालेगावच्या घरी "हिंचक्यावर बसू?" म्हटलं आणि सगळी पोरं खो खो हसली. झोपाळा म्हणतात गं! मग पुस्तकाला चोपडी म्हणाले, परत हशा. उरलेलं लग्न मी फक्त मान हलवली. तेव्हा गच्चीत तू सांगितलं होतंस, इथे नांदायला आलीस तेव्हा सहा महिने धड तोंड उघडलं नव्हतंस, सासूबाईंना वाटलं सून मुकी आहे की काय. जर्मनच्या क्लासमध्ये माझं अगदी तेच व्हायचं. व्याकरणाच्या पेपरात पहिली आणि बोलायला उभं केलं की घशात आवंढा. डब्यातल्या बाईपुढे कोण हसणार? तिच्यापुढे मी पहिल्यांदा सलग दहा वाक्यं बोलले, त्यातली सहा चुकीची.

शाळेत सयाजीराव महाराजांची गोष्ट दरवर्षी सांगायचे, आठवतं ना? तुमच्याच तालुक्यातल्या कवळाण्याचा मुलगा, 1875 मध्ये बारा वर्षांचा असताना दत्तक आला, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. पुढे मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, चारही भाषा शिकला. बाई म्हणायच्या, बघा किती कष्ट केले. कष्ट केलेच असणार. पण मला आता वाटतं, गादीवर बसलेल्या मुलाच्या चुकीला हसायची कुणाची छाती होणार होती? डबा डोक्यावर असेपर्यंत तेवढं राजेपण आपल्यालाही मिळतं.

फोनमधल्या एआयचा खरा उपयोग मला वेगळाच झाला. आमची पुस्तकं इंग्रजीतून शिकवायची, त्यामुळे डेर-डी-दासची तीन लिंगं म्हणजे केवढं संकट, असा सूर. एके रात्री एआयला म्हटलं, इंग्रजी सोड, मराठीतून सांग. पहिलंच वाक्य, तुमच्याकडे तो-ती-ते आहेच की! मी कपाळावर हात मारला. आकड्यांचंही तसंच. एकवीसला जर्मन माणूस 'एक आणि वीस' म्हणतो. इंग्रजीतून येणाऱ्याला ते उलटं वाटतं, आपण तर पहिलीपासून एकवीस, बावीस, पंचेचाळीस असंच म्हणतोय. लिंगं जुळत नाहीत ती नाहीतच, इथे सूर्य बाई आहे. मुलीला मात्र 'ते' म्हणतात, आपल्या मालवणच्या मामी "ता चेडू" म्हणतात तसं. एआयची मराठी स्वतःच जरा सरकारी परिपत्रकासारखी होती, पण मुद्दा पोचला.

आता बिघडलं कुठे ते ऐक. इथे नर्सच्या नोंदणीसाठी जर्मनची बी-टू, म्हणजे सहापैकी चौथी पातळी लागते, म्हणून डब्यात रुग्णालयाचा वॉर्डही होता. तिथे मी आजोबांना विचारायचे, अजून एक उशी देऊ का? उशीला 'किस्सन'. आणि 'क्युस्सन' म्हणजे मुका घेणं. तो 'यु' ओठांचा चंबू करून काढायचा असतो, आपल्याकडे तो आवाजच नाही. मी इतका घोटला की नको तिथेही येऊ लागला. डब्यातले आजोबा दरवेळी आभार मानून उशी घ्यायचे, कारण वॉर्डात नर्स उशीच देणार असा अंदाज करून यंत्र माझा शब्द आपणच नीट करून घेत होतं. महिनोन् महिने मला वाटलं, छान जमतंय. इथे दुसऱ्या आठवड्यात खऱ्या आजोबांना, वय अठ्ठ्याऐंशी, तोच प्रश्न विचारला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या खाटेकडे बघून म्हणाले, "या वयात कोण नाही म्हणेल?" अख्खी खोली हसली. मी लाल. पण त्या दिवसापासून तो शब्द एकदाही चुकलेला नाही.

आणि इथली बोली! डब्याने मला सदाशिव पेठेतली जर्मन शिकवली, आणि माझं पोस्टिंग निघालं स्वाबियन बोलणाऱ्या मुलखात. छोट्या पावाला मी घोकून आले 'ब्रोटशन', इथे म्हणतात 'वेक्ले'. सीनियर सिस्टर म्हणाल्या, उद्या मीटिंग 'फीर्टल द्राय'ला. फीर्टल म्हणजे पाव, द्राय म्हणजे तीन. मी सव्वातीनला हजर, मीटिंग कधीच संपलेली. फार बोलल्या नाहीत, घड्याळाकडे बोट दाखवलं फक्त. संध्याकाळी मुंडू चेचीने, म्हणजे माझ्या केरळच्या रूममेटने, कागदावर गोल काढून समजावलं: दोन वाजले की तिसरा तास सुरू, त्याचा पाव भाग सरला म्हणजे फीर्टल द्राय. सव्वादोन! अर्धा सरला की 'हाल्ब द्राय', अडीच. आणि पाऊण सरला की 'द्रायफीर्टल द्राय'. पाऊण, तीन. पावणेतीन! चेचीला कळेना मी एकटीच का हसतेय. पाव, अर्धा, पाऊण हे आजीने मला सुपारी कातरताना शिकवलं होतं. डब्यातली बाई मात्र दरवेळी 'दोन वाजून पंधरा मिनिटं' असंच म्हणायची, रेल्वेच्या घोषणेसारखं.

तर चिन्मयचं. डबा घेऊ नकोस. भाड्याने किंवा क्लासमध्ये मिळाला तर महिनाभर जरूर वापरू दे, तोंड उघडण्यापुरता. पण तो तुझ्यासारखा किंवा माझ्यासारखा लाजरा नाही, लग्नात तोच सगळ्यात मोठ्याने हसला होता. त्याला त्याची काय गरज? त्याला पाहिजे समोर माणूस, चूक लगेच तोंडावर मारणारा. क्लास सोडू नको म्हणावं. घरी फोनवरचा एआय चालेल, पण त्याला बजावून सांगायचं की माझ्या चुका सांभाळून घेऊ नकोस, एकेक काढ. न सांगता तो गोडच बोलतो.

आईकडून कळलं, आजी पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतेय. तिच्याबरोबर शेव-उसळीचा मसाला मागवून ठेव, दिवाळीला येईन तेव्हा घेऊन जाईन. इथल्या वाटाण्याला चव नाही.

चिन्मयने येत्या रविवारी मला फोन करायचा, इथल्या फीर्टल द्रायला. तेव्हा मालेगावात किती वाजलेले असतील ते त्याने काढायचं, तू सांगू नकोस. चुकला तर मी हसणार आहे.

काकांना नमस्कार, ताईच्या पिल्लाला पापा.

तुझी भाची