कलम ६४अ चौकीपर्यंत पोहोचलंच नाही

महोदय,

१९८८ साली मी गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढायचो. चांदीचा कागद, खाली काडी आणि टर्की लागली, म्हणजे नशा तुटली, की हाडं फोडून काढणारं दुखणं. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा तेव्हा नवाच. पोलिसांना माझ्यात फक्त गुन्हेगार दिसायचा. थोरल्या भावाने ओढत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं म्हणून वाचलो. पुढे कायद्यात ६४अ आलं: व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर सेवनाचा खटला नाही, उपचार मात्र पुरते घ्यायचे. कागदावर झकास! गेल्या महिन्यात शेजारच्या पोरासाठी चौकीत गेलो, तर हवालदार मलाच विचारतो, “हे कुठलं कलम काढलंत, काका?” निदान प्रत्येक ठाण्यात ते मराठीत, ठळक अक्षरांत लावा.

— एक माजी गर्दुल्ला, पुणे