समुद्राकाठच्या पत्र्यावर जस्त किती?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाडवा झाला, की बेळगाव आणि खानापूर भागातील ज्या कुटुंबांची मूळ घरे वेंगुर्ले, शिरोडे, मालवण किंवा कारवारच्या किनाऱ्यावर आहेत, त्यांच्यात घर शाकारण्याची बोलणी सुरू होतात. पूर्वी गडी बोलावून कौले परतली, फुटकी बदलली, की काम भागत असे. आता कौले उतरवून पत्रे घालण्याकडे कल आहे, आणि ते पत्रे बहुधा आपल्याकडच्याच दुकानांतून घेऊन टेम्पोने आंबोली घाटातून खाली नेले जातात. मीही तेच केले आणि फसलो. तीच चूक यंदा आणखी कोणी करू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०१८ साली एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले पत्रे मी दोन ठिकाणी घातले. काही खानापूरच्या गोठ्यावर, तर उरलेले शिरोड्याच्या घरावर, जिथे रात्री लाटांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो. गोठ्यावरचे पत्रे अजून चांगले आहेत. शिरोड्याला मात्र गेल्या दिवाळीत शिडी लावून चढलो, तेव्हा स्क्रूचे डोके बोटांत चुरडले आणि त्याखालचा रबरी वॉशर सुटून हातात आला. नवल असे, की पावसात उघडा पडलेला मधला भाग बराच शाबूत होता. ओट्यावर पुढे आलेल्या वळचणीची खालची बाजू, जिथे पावसाचा थेंबही पोचत नाही, तीच गंजाने पोखरली होती.

पत्रा पावसाने कुजतो, असे आपण सगळेच धरून चालतो. पण खानापूर तालुक्यात पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. समुद्राकाठी घात करते ते मीठ. लाटांच्या तुषारांतून उडालेले क्षार वाऱ्याबरोबर येऊन पत्र्यावर बसतात, हवेतील ओल ओढून घेतात आणि भर उन्हाळ्यातही धातू दमट ठेवतात. पाऊस उलट ते धुऊन नेतो. वळचणीखाली तो पोचत नाही, म्हणून तिथले मीठ वर्षानुवर्षे साचते. १९३० च्या मीठ सत्याग्रहाने गाजलेल्या शिरोड्यात घर असून मला मिठाचाच विसर पडावा, याला काय म्हणावे! दिवाळीपासून मृगापर्यंत महिन्या-दोन महिन्यांनी विहिरीच्या गोड्या पाण्याने वळचणीची खालची बाजू धुतली असती, तरी पत्रे आणखी काही वर्षे टिकले असते.

खरेदीच्या वेळी आपण फक्त जाडी विचारतो, आणि दुकानदारही तेवढीच सांगतो. पत्र्याला वाचवतो तो मात्र वरचा जस्ताचा थर, आणि तो चौरस मीटरला किती ग्रॅम आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्ताचे पत्रे असतात, तसे २७५ ग्रॅमचेही असतात; हाताला आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच. २७५ ग्रॅम म्हणजे एका बाजूला जेमतेम १९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर, तर १२० ग्रॅम म्हणजे आठ-साडेआठ. गोठ्याला जे पुरते ते किनाऱ्याला पुरत नाही. ५५ टक्के ॲल्युमिनियम असलेला मिश्र थर खाऱ्या हवेत साध्या जस्तापेक्षा अधिक टिकतो, पण तो घेतानाही चौरस मीटरला १५० ग्रॅम आहे ना हे पाहावे, आणि हमीपत्रात समुद्रापासूनच्या अंतराची काही अट आहे का, ती नीट वाचावी.

स्क्रूच्या बाबतीत तर आपण चौकशीच करत नाही. चांगल्या पत्र्याला हलक्या प्रतीचा स्क्रू मारला, की गंजाची सुरुवात तिथूनच होते. शिवाय कारागीर छपरावर बसून कटर चालवतो, तेव्हा उडालेला लोखंडी कीस झाडून न टाकल्यास पहिल्याच पावसात त्याचे तांबूस ठिपके उमटतात. आमच्याकडे ते उमटले होते, आणि ते रंगाचे डाग असावेत असे आम्ही समजलो.

आपल्या वृत्तपत्राद्वारे बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या व्यापाऱ्यांना विनंती, की पत्रा कुठे घालणार हे त्यांनी गिऱ्हाइकाला विचारावे आणि जस्ताचे ग्रॅम बिलावर लिहून द्यावेत. बिल कोणत्या भाषेत असावे हा आपल्याकडचा जुना वाद आहे. हा आकडा कन्नडमध्ये लिहिला तरी माझी तक्रार नाही. येत्या वैशाखात शिरोड्याचे पत्रे बदलायचे आहेत, आणि तो आकडा बिलावर दिसल्याशिवाय मी पैसे मोजणार नाही.

आपला,
एक वाचक, खानापूर