किरिबाटी नव्हे, किरिबास

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पॅसिफिक महासागरातील बेटांवर राहिलेल्या मिशनऱ्यांच्या जीवनावर लेख आला. मराठीत हा विषय क्वचितच वाचायला मिळतो, म्हणून आनंद वाटला. मात्र लेखात देशाचे नाव ‘किरिबाटी’ असे छापले आहे. या एका नावात मिशनऱ्याची बरीचशी दिनचर्या दडलेली आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

नावाचा उच्चार ‘किरिबास’. तिथल्या भाषेत ‘त’च्या पुढे ‘इ’ आली की ‘त’चा ‘स’ होतो आणि शेवटची ‘इ’ जवळजवळ ऐकूच येत नाही. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. म्हैस, पण म्हशी. माणूस, पण ‘माणशी दोन भाकरी’. ‘इ’ला आपल्या आधीच्या अक्षराला ओढून घेण्याची खोड बऱ्याच भाषांत असते. निरोप घेताना तिथे ‘सा बो’ म्हणतात, लिहिताना मात्र ‘ति आ बो’. तारावा बेटाच्या टोकाच्या ज्या गावी नोव्हेंबर 1943 मध्ये अमेरिका-जपानची लढाई झाली, ते ‘बेटिओ’ नव्हे, ‘बेसो’. ‘किरिबास’ हे तरी काय, ‘गिल्बर्ट्स’ या इंग्रजी नावाचा तिथल्या जिभेवर झालेला उच्चारच. 1788 मध्ये तिथून गेलेल्या थॉमस गिल्बर्ट या कप्तानाचे हे नाव.

ही लिपी बसवली हायरम बिंगहॅम या मिशनऱ्याने. तो 1857 मध्ये पत्नी क्लॅरिसासह अबायांग बेटावर उतरला. त्याने 13 अक्षरांत भाषा बसवली. त्यात ‘एस’ नाही. टाइपरायटरवरची ‘एस’ची कळ मोडली होती म्हणून त्याने ‘टी-आय’ वापरले, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असू शकत नाही, कारण टाइपरायटर बाजारात यायला 1870चे दशक उजाडावे लागले. खरे कारण साधे आहे. बोलणाऱ्याच्या लेखी तो ‘स’ म्हणजे ‘त’च असतो, वेगळे अक्षर नव्हे. हे कळायला परक्या माणसाने महिनोन् महिने लोकांत बसून कान द्यावे लागतात. मिशनरी म्हटला की आपल्याला प्रवचन करणारा दिसतो, पण त्याचा बराच वेळ ऐकण्यात जात असे.

सोलापूरकरांचा या बेटाशी एक धागाही आहे. बिंगहॅमला पाठवणारी ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनरी संस्था तीच, जिचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले, ज्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले आणि पुढे सोलापुरात केंद्र उघडले. बिंगहॅमचे वडील याच बोर्डातर्फे 1820 मध्ये हवाईला गेले होते. एका घरची ही दोन शेते, पण जमीन किती निराळी. सोलापूर जिल्हा 14,895 चौ. किमी, तर किरिबासची 33 बेटे मिळून 811 चौ. किमी. एक बानाबा सोडले तर सगळी प्रवाळाची सपाट कंकणे, समुद्रापासून दोन-तीन मीटर उंच. नदी नाही, डोंगर नाही, नांगर चालेल अशी माती नाही. गहू, द्राक्षवेल आणि मेंढरू तिथे कोणी पाहिलेले नव्हते. मग मेंढपाळाचा दाखला त्या भाषेत आणायचा कसा? भाषांतर करताना प्रत्येक ओवीपाशी असे थांबावे लागते.

आपल्या लेखात पाण्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. उजनी धरण भरलेले असूनही नळाची चार-पाच दिवस वाट पाहिलेल्या शहराला तरी तो प्रश्न तेवढ्यावर सोडता येऊ नये.

बेटावर पडलेला पाऊस वाळूतून खाली जातो आणि समुद्राच्या पाण्यावर तरंगतो. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते, त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर हिशेबाने खाली 40 मीटर गोडे पाणी असायला हवे. प्रत्यक्षात पातळी वीतभरच वर असते, भरती-ओहोटी खालून ढवळत राहते, आणि पिण्याजोगा थर काही मीटरच उरतो. बेट रुंद असेल तिथे मध्यभागी तो जाड, कडेला पातळ. म्हणून आड खणायचा तो बेटाच्या मध्याकडे, आणि उथळ. वाड्यातला आड आटला की आपण खोल नेतो. तिथे खोल नेला की खारे पाणी लागते. उपसा जोराचा झाला तरी खालचे खारे पाणी शंकूसारखे वर चढते आणि तो आड पुढे कित्येक महिने मचूळ राहतो. बादलीने वरचे वर, थोडे थोडे काढायचे, हा नियम. शिवाय प्रवाळाची वाळू पाणी गाळत नाही, नुसती वाहून नेते. डुकरांचा गोठा किंवा शौचकूप जवळ असेल तर जंतू थेट आडात येतात, म्हणून पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही.

छपरावरचे पाणी धरावे तर घरे शाकारलेली. केतकीच्या जातीच्या पानांचे ते छप्पर पावसाचा बराच भाग पिऊन टाकते आणि उरलेले पाणी तपकिरी होऊन, काडीकचऱ्यासह उतरते. पत्र्याचे छप्पर आले तेव्हा कुठे टाकी भरू लागली. चर्चचे मोठे छप्पर म्हणजे गावाची टाकीच. हिशेब असा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 50 चौ. मी. पत्र्यावर 20 मिमी पडला तर 1,000 लिटर. उडून, ओसंडून, पन्हळीत अडकून पाचवा हिस्सा जातो, हाती लागतात 800. सहा जणांचे घर पिण्या-रांधण्यापुरते माणशी पाच लिटर वापरेल तर हे पाणी सव्वीस दिवस पुरते. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यायचे, कारण त्यात पक्ष्यांची विष्ठा आणि पत्र्यावर साचलेले मीठ असते. तोटी टाकीच्या बुडापासून चार बोटे वर ठेवायची, म्हणजे गाळ येत नाही. तोंडाला बारीक जाळी हवी. किरिबासमध्ये हिवताप नाही, पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. खाऱ्या वाऱ्याने पन्हळीचे खिळे आधी गंजतात, मग पन्हळ झुकते आणि ऐन पावसात पाणी भिंतीवर पडते.

आणखी एक गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना विशेष वाटेल. एल निनोच्या वर्षी आपल्याकडे बहुधा पाऊस ओढ देतो, तेव्हा तिथे धो धो कोसळतो. ला निनाच्या वर्षी तिथे दुष्काळ.

त्याच गोड्या थरावर त्यांची शेती उभी आहे. ‘बाबाई’ हे अळूच्या कुळातले कंद. पाणी लागेपर्यंत मोठा खड्डा खणतात आणि तळाच्या चिखलात कंद लावतात. प्रत्येक रोपाभोवती विणलेली बिनबुडाची टोपली ठेवून तीत पाने आणि काळी माती भरत राहतात. कुजेल तसे पुन्हा भरायचे. कंद पोसायला वर्षे लागतात, म्हणून तो रोजच्या जेवणाचा नसून मानाचा, समारंभाचा. कच्चा खाल्ला तर सुरणासारखाच घसा खाजतो. मोठ्या उधाणात समुद्र खड्ड्यात शिरला की पाने कडेने पिवळी पडतात, कंद मऊ पडून सडतो, आणि पावसाने ते मीठ धुऊन निघेपर्यंत खड्डा वाया. पिढ्यांनी पोसलेले खड्डे आज समुद्र चढत असल्याने असे बाद होत आहेत.

रोजचा आधार मासा, नारळ आणि ‘करेवे’, म्हणजे माडाची नीरा. फुलोऱ्याची न उमललेली पोय दोरीने घट्ट आवळतात, दिवसागणिक थोडी थोडी खाली वाकवतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोकाची पातळ चकती कापतात. चकती जाड झाली तर पोय लवकर संपते. एक वेळ चुकली तर काप सुकून धार बंद. करवंटी रोज धुवावी लागते, नाहीतर कालच्या आंबूसपणाने आजची नीरा दुपारीच फसफसते. ताजी नीरा लेकरांना देतात, कारण पालेभाजी नसलेल्या बेटावर बरीचशी जीवनसत्त्वे तिच्यातून मिळतात. आंबलेल्या ताडीला मिशनऱ्यांचा विरोध होता. पण नीरा आटवून केलेल्या ‘कमाईमाई’ला नव्हता. पाच-सहा भागांचा एक भाग होईपर्यंत मंद आचेवर आटवलेली ही हुबेहूब आपली काकवी, रंगाने आणि वासानेही. केतकीच्या फळाचा शिजवलेला गर वाळवून ‘तुआए’ नावाच्या पोळ्याही करतात. फणसपोळी डोळ्यांपुढे आणा.

मिशनऱ्याची स्वतःची रसद येई ती ‘मॉर्निंग स्टार’ जहाजावरून, साधारण वर्षातून एकदा. अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांतील मुलांनी दहा-दहा सेंटचे वाटे घेऊन 1856 मध्ये हे जहाज उभे केले होते. पीठ, औषध, कागद, टपाल, सगळे त्यातच. पिठात किडा झाला तर चाळून तेच खायचे. आपली कडक भाकरी सोलापूरच्या कोरड्या हवेत टिकते. त्या दमट वाऱ्यात जहाजावरची कडक बिस्किटे मऊ पडून बुरसटत.

गावाचे केंद्र म्हणजे ‘मानेआबा’. चावडी, धर्मशाळा आणि न्यायसभा यांचे काम एकाच छपराखाली. खिळा नाही, सगळे जोड काथ्याच्या दोरीने आवळलेले. छप्पर इतके खाली उतरते की आत जाताना प्रत्येकाला वाकावेच लागते. आत प्रत्येक कुळाची जागा ठरलेली. तिला ‘बोती’ म्हणतात, उच्चार अर्थातच ‘बोस’. नवख्याने मोकळी दिसली म्हणून कुठेही बसायचे नाही. थांबावे, दाखवतील तिथे मांडी घालून बसावे, पाय लोकांकडे पसरू नयेत. बसलेल्यांच्या समोरून जायचे तर कमरेत वाकून. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. आशीर्वाद द्यायला उचललेला हातही तिथे आगळीक ठरू शकतो. बोलण्याचा मान ‘उनिमाने’ म्हणजे वडीलधाऱ्यांचा. जेवण आले की पाहुण्याने आधी वाढून घ्यायचे. तो संकोचाने मागे राहिला तर सगळे उपाशी ताटकळतात.

याहून कठीण ‘बुबुती’ (इथेही ‘ती’चा उच्चार ‘स’), म्हणजे हक्काने मागण्याची रीत. नात्यातल्या माणसाने ‘बुबुती’ म्हणून मागितले तर नाही म्हणायचे नसते, मग ती सुरी असो, कापड असो की होडी. कुठल्याशा कुळाने मिशनऱ्याला आपले मानले की तोही यात आला. वर्षाची रसद उतरलेल्या घरी मागणारे येणारच. कुलूप लावणारा कंजूष ठरतो आणि कंजुषाचे प्रवचन कोणी ऐकत नाही. सगळे देणारा तीन महिन्यांत रिकामा होतो. जे टिकले, त्यांनी गरजेपुरतेच दिसेल असे ठेवले आणि स्वतःही मागायला शिकले: छप्पर शाकारायला माणसे, आजारपणात नीरा, वादळानंतर मासे. मागणे हाही नात्याचा भाग असतो, हे ज्यांना उमगले नाही त्यांनी ‘हे लोक हावरे’ असे लिहून ठेवले. ते वाचताना वाईट वाटते.

आणखी एक चूक त्यांच्या पदरात घालायलाच हवी. नाचावर बंदी. हात फ्रिगेट या समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखे पसरून आणि मान झटक्याने वळवून केलेला तो नाच म्हणजे कुळांचा इतिहास तोंडपाठ ठेवण्याची रीत होती. तो दडपणे चूकच होते. तोच पक्षी आज देशाच्या झेंड्यावर आहे.

लेखात सगळे श्रेय गोऱ्या मिशनऱ्यांना दिले आहे, तेही तपासून घ्यावे. गिल्बर्ट बेटांच्या उत्तर भागात बरेचसे काम हवाईच्या पाद्र्यांनी केले, दक्षिणेत 1870 पासून सामोआच्या. आणि 1888 मध्ये कॅथलिक पाद्री नोनौती बेटावर पोहोचले, तेव्हा बेतेरो आणि तिरोई या दोघा बेटवासीयांनी त्यांच्या आधीच लोकांना प्रार्थना शिकवलेल्या होत्या. ताहितीच्या मळ्यांवर मजुरीला गेले असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. आज देशात कॅथलिक बहुसंख्य आहेत, त्याची सुरुवात या दोघांपासून होते.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी ‘किरिबास’ आणि ‘बेसो’ असे छापावे. बिंगहॅमच्या रोमन लिपीत जे दिसत नाही ते देवनागरीत सहज लिहिता येते. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच बोळात ऐकणाऱ्या सोलापूरच्या वाचकाला हा उच्चार जड जाणार नाही.

आपले नियमित वाचक,
सोलापूर