तासाला नऊ हजार, म्हणजे महिन्याला किती?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मामाला सांगितलंस की जर्मनीत कोर्टातल्या दुभाष्याला तासाला ९३ युरो मिळतात. त्याने तिथल्या तिथे हिशोब केला. तासाला नऊ हजारांच्या वर, दिवसाचे आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस. आता तो सगळ्या गोतावळ्यात सांगत सुटलाय की सई महिन्याला अठरा लाख कमावणार. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण कोर्टात दुभाषी पाठवणाऱ्या त्या एजन्सीच्या करारावर तू अजून सही केलेली नाहीस, म्हणून तुला चार गोष्टी लिहिते.

९३ हा आकडा खराच आहे. कोर्टाचा दर तिथे कायद्याने ठरतो. २०२१ पासून तो ८५ होता, जून २०२५ पासून ९३ झाला. मला मात्र आकड्यापेक्षा त्या कायद्यातल्या बारीकसारीक अटी आवडल्या. घरून कोर्टात पोचायला लागलेला वेळ धरतात. सुनावणी लांबली आणि तू बाकावर ताटकळत बसलीस, तर तोही वेळ धरतात. तारीख ऐन वेळी रद्द होऊन तुझं नुकसान झालं, तर दोन तासांपर्यंतचं मानधन मिळू शकतं. स्वतःच्या गाडीने गेलीस तर किलोमीटरला ४२ सेंट. दुभाष्याचा वेळ म्हणजे नुसता तोंड उघडल्यापासून मिटेपर्यंतचा वेळ नव्हे, हे तिथे कुणीतरी कायद्यात लिहून ठेवलंय.

आपल्याकडे बघ. मशीन बसवायला जर्मन इंजिनिअर आले की मी दुभाषी म्हणून चाकणला जाते, ते तू लहानपणापासून पाहतेस. सकाळी साडेसहाला कोथरूडहून निघायचं, सेफ्टी शूज घालून दिवसभर शॉप फ्लोअरवर उभं राहायचं, कॉम्प्रेसर सुरू झाला की कानात ओरडून बोलायचं. चहाची सुट्टी झाली की माझं काम वाढतं, कारण जर्मन माणसाला आणि आपल्या फिटरला एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी तेव्हाच करायची असते. याचे दिवसाचे आठ हजार. येण्याजाण्यातले चार तास कुणाच्याच खिजगणतीत नसतात. आणि आता बहुतेक इंजिनिअर इंग्रजीवर भागवतात, त्यामुळे असे दिवस महिन्यातून दोन-तीन आले तरी खूप.

लेखी कामाचा हिशोब तर तुला आकड्यांतच दाखवते. मागच्या महिन्यात भाषांतराला एक मॅन्युअल आलं, बारा हजार शब्द. शब्दाला दोन रुपये, म्हणजे चोवीस हजार होतील असं कुणालाही वाटेल. ट्रेडॉसमध्ये, म्हणजे जुनी भाषांतरं साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकलं तर साडेचार हजार शब्द आधीच्या कामाशी हुबेहूब जुळले. त्यांचे पैसे शून्य. तीन हजार थोडेफार जुळले. त्यांना निम्मा दर. पूर्ण दर उरला साडेचार हजारांना. बेरीज बारा हजार रुपये, म्हणजे शब्दाला एक रुपया. त्यातून दहा टक्के टीडीएस कापून हातात दहा हजार आठशे. आणि ते फुकटचे साडेचार हजार शब्द वाचावे मात्र लागतातच, कारण जुन्या मॅन्युअलमधला व्हॉल्व्ह नव्या मशीनवर नसेल तर शिव्या मलाच बसणार. हल्ली तर मशीनने केलेलं भाषांतर पाठवतात आणि म्हणतात, ‘मॅडम, फक्त नजर फिरवून द्या.’ त्या नजरेचा दर आणखी निम्मा.

तरी आपलं घर चाललं, ते का, हे तुला आता कळायला हवं. फ्लॅट आपला आहे. शेजारच्या बिल्डिंगमध्ये टू बीएचकेला तीस हजार भाडं मागतात. ते मला माझ्या कमाईतून भरावं लागलं असतं तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं. मेडिक्लेम बाबांच्या ऑफिसचा. पार्टीने बिल तीन-तीन महिने अडकवलं तरी एक तारखेला बाबांचा पगार जमा होत होता. माझ्या बरोबरच्या मैत्रिणींची गोष्ट वेगळी नाही. पुण्यातलं निम्मं भाषांतर या दरात होतं ते घरात दुसरा पगार असतो म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दर ठरवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. सरकारी नोकरीतल्या अनुवादकाला, हिंदीच्या का होईना, निदान ३५,४०० मूळ पगार, महागाई भत्ता आणि शहर बघून घरभाडं मिळतं. पुण्या-मुंबईला ते मूळ पगाराच्या तीस टक्के आहे. राहण्याचा खर्च शहरागणिक बदलतो हे सरकारला कळतं. आम्हाला कळूनही कुणाला सांगता येत नाही.

आता तुझं. लाइपझिगमध्ये तुझ्यामागे दुसरा पगार नाही. म्हणून तुझा दर तुझी खोली ठरवणार, मामाचा कॅल्क्युलेटर नाही. युरोला रुपयाने गुणणं आधी बंद कर. खोलीचे ३९० युरो, रेल्वे-ट्रामचं मासिक तिकीट आता ६३ झालंय, वाणसामान दोनशेच्या पुढे. विद्यार्थी म्हणून आरोग्य विम्याचा हप्ता स्वस्त आहे. शिक्षण संपवून स्वतंत्र काम करायला लागलीस की तो पूर्ण तुझ्याच डोक्यावर येईल. कमाई अगदी कमी असली तरी एक किमान उत्पन्न गृहीत धरूनच तो आकारतात. साहित्यिक अनुवादकांसाठी तिथे कलाकारांचा विमा निधी आहे, त्यात स्वतःला निम्मा भार पडतो. पण मॅन्युअल आणि कोर्टाच्या कागदांना ती सवलत मिळेल असं धरून चालू नकोस.

एजन्सी तुला तासाला ४० देतेय, तेही फक्त सुनावणीच्या वेळेचे. समज, केम्निट्झ शहरातल्या कोर्टात तीन तासांचं काम आहे आणि जाऊन-येऊन दोन तास. कोर्टाने थेट बोलावलं तर पाच तास धरून ४६५ युरो. एजन्सीकडून १२०. पाच तासांत वाटले तर तासाला २४, आणि त्यातून विमा, कर, आजारी पडलीस तर बुडालेले दिवस. बेकरीत उभं राहणाऱ्या मुलीलाही २०२६ पासून तासाला किमान १३.९० मिळतात, आणि तिच्या विम्यातला निम्मा वाटा मालक भरतो. हे शेजारी शेजारी मांडून बघ.

बरं, काम किती येणार? मराठीसाठी लाइपझिगचं कोर्ट वर्षातून कितीदा बोलावेल याची मला शंका आहे. हिंदी, उर्दू, पंजाबीला मागणी आहे. तुझं हिंदी चांगलं आहे, पण कोर्टाची भाषा हिंदी पिक्चरची नाही. जामीन, जप्ती, दखलपात्र गुन्हा हे शब्द दोन्हीकडून तोंडात बसायला हवेत. तोवर पोटापाण्याला जर्मन-इंग्रजीची लेखी कामं धर, पण पुण्याच्या एजन्सीकडून पुण्याच्या दराने नको. तिथे बसून इथला दर घेतलास तर आमचाही दर खाली जाईल आणि तुझंही भाडं निघणार नाही.

सही करण्याआधी एवढं बघ. विद्यार्थी व्हिसावर नोकरीचे दिवस ठरवून दिलेले असतात, पण स्वतःच्या नावाने बिल फाडायचं तर वेगळी परवानगी लागते. ती परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून लेखी घे. एजन्सीच्या बाईने ‘चालतं’ म्हटलं यावर जाऊ नकोस. करारात ‘प्रवासाचा वेळ’ आणि ‘रद्द झाल्यास’ असे शब्द आहेत का ते शोध. नसतील तर विचार, आणि ४० वर अडून बसले तर सोडून दे. कोर्टाची शपथ घेतलेली दुभाषी होण्यासाठीची परीक्षा-कागदपत्रं याच वर्षी मार्गाला लाव. अशा दुभाष्यांच्या देशभरच्या यादीत नाव आलं की कोर्टं तुला थेट शोधू शकतात. त्यासाठी चार-सहा महिने खोलीभाडं आम्ही पाठवू. ही उधारी नाही आणि उपकार तर नाहीच.

आणि कोर्टाचं काम झालं की बिल त्याच आठवड्यात लावून टाक. तीन महिने उलटले तर हक्क जातो, आणि तुझी कागदपत्रं ठेवायची पद्धत मला माहीत आहे.

तुझी,
आई