काकू, तुमचा घोटा माझ्या हातात दिलात म्हणून

प्रिय काकू,

"नाव नको गं टाकू माझं," म्हणालात, म्हणून टाकत नाही. पण नांदेडात आमच्या सकाळच्या बायकांच्या पोहण्याच्या बॅचला येणाऱ्या कुणालाही कळेल, हे पत्र कुणाला आहे ते.

काल मी 25 मीटरच्या चार फेऱ्या न थांबता मारल्या. फ्रीस्टाइल. काठाला हात लागला तेव्हा दम नव्हता लागला, रडू आलं होतं. तुम्ही पुण्याला लेकाकडे गेलेल्या, सांगणार कुणाला?

पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं तेव्हा मी 44 वर्षांची होते. आधी जिथे जात होते तिथल्या सरांचं एकच, "पाय मारा, जोरात मारा!" फळी धरून मी जीव खाऊन पाय मारायचे आणि फळी जागची हलायची नाही. एकदा तर मी उलटी मागे सरकले. काठावरच्या हसल्या, सरही हसले. "मॅडम, या वयात अवघडच असतं." दोन महिने फी घेतली, पण ही बाई पुढे का जात नाही हे बघायला ते एकदाही पाण्यात उतरले नाहीत. ते हसणं अजून टोचतं.

इथे आले तर तुम्ही पहिल्याच दिवशी शेजारून जाता जाता थांबलात. "काय करायलीस बाई? पाण्याला लाथा कशाला हाणायलीस?" मग काठावर बसलात, पाय पाण्यात सोडलेत आणि म्हणालात, "धर माझा घोटा."

मी बिचकले. वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावायचा तो वाकून, नमस्कारापुरता. तुम्ही मात्र पाऊलच माझ्या हातात दिलंत. टाचेला भेगा, बोटात झिजलेलं जोडवं आणि घोटा ओल्या फडक्यासारखा सैल. तुम्ही मांडीच्या मुळापासून पाय खाली आणलात, गुडघा जरासाच लवला आणि सगळ्यात शेवटी पाऊल आलं, आसुडाच्या वादीसारखं. मग माझा घोटा धरलात. लाकूड नुसतं! पावलं काटकोनात, बोटं तळाकडे रोखलेली. "हा ब्रेक लावून बसलीस, मग पुढं जाशील कशी?"

दोन महिन्यांत कुणी न सांगितलेली गोष्ट तुमच्या घोट्याने दोन मिनिटांत सांगितली.

बाकीचं हळूहळू कळलं. फ्रीस्टाइलमध्ये पुढे ओढतात ते मुख्यतः हात. पायांचं मोठं काम म्हणजे कंबर आणि पाय वर ठेवणं, अंग आडवं राखणं, नाहीतर बुडालेले पाय पाणी अडवत बसतात. मांडीचे स्नायू मोठे, जोरात मारलं की प्राणवायू तेच पिऊन टाकतात. म्हणून 50 मीटरवाले हातांच्या एका जोडीला सहा लाथा मारतात आणि लांबचं अंतर पोहणारे बरेच जण दोनच. "आधण आल्यावर पाणी हलतं ना, तेवढंच हललं पाहिजे. फवारे नकोत," हे तुमचं वाक्य मी पोहताना मनात म्हणत असते.

मी हिरमुसले की तुम्ही मुरलीकांत पेटकरांचं सांगायचात. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं आणि 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं. सांगताना तुमचे डोळे भरायचे. झेडपीच्या शाळेत पीटी शिकवताना पोरींनाही हेच सांगत असणार तुम्ही.

पाठीला वाळका भोपळा बांधून गावच्या हिरीत शिकलेली बाई एवढं जाणते आणि समोरच्याला अडाणी वाटू देत नाही. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या बाया चाळिशीनंतर काहीतरी नवं शिकायचं धाडस करतात. शिकवणं म्हणजे ओरडणं नव्हे, समोरचा कुठे अडला ते हाताने चाचपून बघणं, हे तुमच्यात मी पाहिलं. पैसे विचारले तर रागावलात.

घोटे अजून पुरते सैल झालेले नाहीत. रोज संध्याकाळी मेथी निवडताना तुम्ही सांगितलं तसं पावलं पालथी करून टाचांवर बसते. आधी दोन मिनिटांत कळ यायची, आता अख्खी जुडी निवडून होते.

दिवाळीला याल तेव्हा सकाळी सहाला टँकवर या. काठावर बसा आणि माझा घोटा पुन्हा एकदा धरून बघा.

तुमची,
तिसऱ्या लेनमधली