शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये आईला सांभाळणाऱ्यांनो, मनापासून आभार

पॅरिसहून रेल्वेने तासाभरात शार्त्रला पोचलो, पण स्टेशनापासूनचा चढ आईला झेपला नाही. आत शिरताच तिला घेरी आली. ज्या ताईंनी धावत येऊन खुर्ची दिली, ज्या काकांनी आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि ज्या मुलीने अर्धा तास आईचा हात सोडला नाही, त्या कुणाचंच नाव मी विचारलं नाही. ती चुटपुट अजून आहे. भाषा येत नव्हती, तरी त्या मुलीने बोट दाखवून आईला निळ्या काचेतली मेरी दाखवली. 12व्या शतकातली ती काच 1194च्या आगीतूनही वाचली. काय तो निळा! आई घेरी विसरून बघतच राहिली.

आणखी काही अनोळखी माणसांचेही आभार. 1939मध्ये युद्धाच्या तोंडावर ज्यांनी इथल्या काचा एकेक करून उतरवल्या, पेट्यांत भरून लपवल्या. त्यांच्यामुळेच आईला तो निळा रंग बघता आला.

आई आता बरी आहे. ताई, काका, बाळा, ती रोज तुमची आठवण काढते.